भुंगे काढणारा भगीरथ

सापगावच्या आसपास शहरातल्या लोकांनी बंगले बांधले, अंगणात माड लावले आणि माडांमागोमाग गेंड्या भुंगा आला. तेव्हापासून डोळखांबकडचा भगीरथ लोखंडी आकडी कमरेला खोचून माडावर चढत होता. अठरा वर्षं झाली. आता पन्नाशी उलटली होती आणि खाली उतरल्यावर बराच वेळ बुंध्याशी बसून राहावं लागायचं.

भुंगा शेंड्याच्या कोवळ्या कोंबात भोक पाडून शिरतो आणि चोथा बाहेर टाकतो. पुढे झावळी उलगडते ती कात्रीने कापल्यासारखी. भगीरथ भोकात आकडी घालून चाचपायचा, कडक पाठ लागली की ओढायचा. अंगठ्याएवढा काळा किडा, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं मोठं, मादीचं नावापुरतं. आकडीत अडकला तरी पाय झाडत राहायचा.

यंदा सोनाली मॅडमच्या बंगल्याच्या वाडीत त्याला महिन्यात तिसऱ्यांदा बोलावलं. तिसऱ्या माडाच्या मध्यावर त्याच्या पोटरीत गोळा आला. खोडाला मिठी मारून तो तसाच थांबला. खाली त्याची बायको गिरजा झावळ्या ओढत होती.

"उतरा तुमी," ती म्हणाली. "भुंगा काय तिथं जन्मत नाय."

तो उतरला. कुंपणाशी शेणखताचा जुना ढीग होता. पहिल्याच वर्षी त्याने मॅडमना त्याबद्दल सांगितलं होतं, मग सांगणं सोडून दिलं होतं. गिरजाने ढिगात फावडं मारलं. आत पांढऱ्या, जाडजूड, वाकडं अंग करून पडलेल्या अळ्या.

मॅडम व्हरांड्यातून आल्या. "हे कसले किडे?"

"तुमच्या माडावरचेच," भगीरथ बसल्या बसल्या म्हणाला. "मादी इथं अंडी घालते. कितीतरी महिने हे खत खातात, मग कोशात जातात. शिंग घेऊन निघाले की माडावर. मी वरचा एक काढतो, खाली पन्नास वाढतात."

"आधी सांगायचं ना."

त्याने कमरेची आकडी काढून बाजूला ठेवली. पुन्हा सांगायलाही जोर लागतो.

दोन दिवस दोघांनी ढीग उपसला. गिरजा फावडं मारायची, तो अळ्या वेचायचा. खत उन्हात पातळ पसरलं, उरलेल्या अळ्या शेजारच्या कोंबड्यांनी टिपल्या. पावसाळा सरला तरी त्या वाडीतून बोलावणं आलं नाही.

दिवाळीनंतर तो दुसऱ्या एका बंगल्यावर गेला, तेव्हा मालकाने माड दाखवला. भगीरथ पायरीवर टेकला.

"माड ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "खत कुठं टाकता ते दाखवा."