मागे कोण बसलंय?

आमच्या मुलुंडच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीसाठी नवं स्ट्रेचर आलं, की त्यावरचा पहिला पेशंट ठरलेला असे: स्वतः डॉक्टरीणबाई. पांढरा कोट आवरून त्या खुशाल आडव्या होत आणि आम्हा नर्सना हुकूम सोडत, "ने गं मला एक्स-रेपर्यंत. पळवत ने!" वाटेत उंबरठ्याचा दणका बसला, की दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन तो तासून जाई. "पेशंटला फक्त छत दिसतं. आधी ते बघून या, मग शहाणपणा शिकवा," असं त्या म्हणत. दरारा असा, की भलेभले सर्जन त्यांच्यापुढे आवाज खाली आणत.

सरकारनं अँब्युलन्सचे नियम ठरवायला समिती नेमली, तीत बाई होत्या. दिव्याचा रंग, खाटेची रुंदी, सगळं बिनबोभाट ठरलं. बाईंचं एकच मागणं अडलं: मागे पेशंटपाशी शिकलेला माणूस बसलाच पाहिजे. तोवर पेशंट मागे एकटा आणि आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी, अशीच रीत होती. मंत्रालयातले साहेब म्हणाले, "बाई, इतकी माणसं आणायची कुठून? गाडी वेळेत पोचली म्हणजे झालं."

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी साहेबांना चहाला बोलावलं आणि चहाआधी गाडीत झोपवलं. पट्टे आवळले. मी नि बाई पुढे बसलो. शिवराम ड्रायव्हरनं विचारलं, "बाईनू, साहेबांका हळू न्हेव, की नेहमीसारखा?"

"नेहमीसारखं."

विक्रोळीपर्यंत जाऊन परत आलो. दार उघडलं तर साहेब घामाघूम, घसा बसलेला. "अहो, मी हाका मारत होतो! पट्टा छातीवर रुतत होता!"

"भोंग्यात ऐकूच आलं नाही," बाई म्हणाल्या. मला हसू फुटत होतं, पण बाईंचा चेहरा बघितला आणि ते विरलं.

"मागच्या महिन्यात कारखान्यातला एक कामगार असाच नेला. निघताना बोलत होता. पोचून दार उघडलं, तर गेलेला. त्यानं हाका मारल्या का, ते मला कधीच कळणार नाही. मी पुढे बसले होते."

साहेबांनी चहा घेतलाच नाही. बाईंचं कलम मात्र तिथंच, स्वतःच्या हातानं मसुद्यात घातलं.

एवढ्या मोठ्या बाईनं आपलं शल्य परक्या माणसापुढे असं उघडं करावं! मी थक्क होऊन बघत राहिले. आज बाई नाहीत. अँब्युलन्स शेजारून गेली, की मी आधी मागच्या काचेतून बघते. आत कुणी पेशंटवर वाकलेलं दिसलं, की भर रस्त्यात हात जोडले जातात.