रे रोडला अडलेली मासळीची गाडी

आमच्या घरात गाडी चालवते ती सून. आधीच सांगून टाकते, कारण लोक सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, मुलगा कुठे असतो? मुलगा असतो लोअर परळला, एसीत. त्याला मासळीचा वास सोसत नाही. खायला बसला की सोसतो.

माझी सासू डोक्यावर पाटी घेऊन लालबागला चालत जायची. मी टॅक्सीच्या डिकीत पाट्या टाकून दादर गाठलं. त्यासाठी टॅक्सीवाल्यांच्या किती विनवण्या केल्या ते माझं मला माहीत. सुनेने जुनी व्हॅन घेतली आणि मला म्हणाली, "आई, पुढे बसा." तेव्हापासून मी पुढेच बसते.

त्या दिवशी घोडपदेवला एका घरी हळद होती. पापलेट आणि कोलंबी त्यांच्या आचाऱ्याला सकाळीच हातात हवी होती. सुनेने स्वतःच्या जिवावर घेतलेली ही पहिली मोठी ऑर्डर. मुलाने आधीच सांगून ठेवलेलं, "ह्या वेळी गाडीने दगा दिला तर काढून टाकू. सारखं काय तिच्या मागे लागायचं?" 

मासळी उतरते त्या धक्क्यावर माल घेतला आणि रे रोडला लाकडाच्या वखारींच्या गल्लीत बर्फासाठी थांबलो. बर्फ पसरला, सून गाडीत बसली, चावी फिरवली. नुसतं टक्. परत फिरवली. टक्. इंजिन फिरवणारा सेल्फ काही उचलेना.

एक वखारवाला आला. म्हणाला, "मावशी, बॅटरी गेली. धक्का मारू का?"

"मारशील, पण गाडी जाईल कुठे?" मी म्हटलं. पुढे लॉरीतून ओंडके उतरत होते, मागे हातगाडी. तो हसत निघून गेला.

सुनेने नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "मेकॅनिक दुपारी येईल. माल टॅक्सीत टाका."

"कुठला टॅक्सीवाला घेतो कोलंबी? तुम्ही या नि तुमच्या मांडीवर घेऊन जा," सून म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ओढणी कमरेला बांधली. आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिने मला उतरवलं, सीट उचलली. मी म्हटलं, "बाय, बॅटरीची टोकं बघ, पांढरी झाली असतील." बघितली, तर चकचकीत. गेल्याच महिन्यात तिने बॅटरी नवी घातली होती. माझा पहिला अंदाज फुकट गेला.

"आई, पुढे उभ्या राहा. मी हेडलाइट लावून सेल्फ मारते. लाइट मंद होतो का बघा."

मी उभी राहिले. टक् झालं. लाइट होता तसाच, डोळ्यात घुसणारा.

"नाही झाला मंद," मी ओरडले.

"मग बॅटरीत जोर आहे. तो सेल्फपर्यंत पोचत नाही."

हे ऐकलं आणि मला आमच्या ह्यांची होडी आठवली. आम्ही बायका समुद्रावर जात नाही, पण होडी किनाऱ्याला लागली की इंजिनापाशी टॉर्च धरून उभी मीच असायचे. एक हात लांब उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही, ही अट. हे म्हणायचे, वीज जाते तो रस्ता सगळे बघतात, परत येते तो कोणी बघत नाही. आणि खारं पाणी आधी परतीचा रस्ता खातं.

खारं पाणी. मी खाली वाकून बघितलं तर गाडीच्या तळातून अजून थेंब गळत होते.

झालं काय, घरी पिण्याचं पाणी येतं तासभर, ते गाडीवर कोण ओतणार? म्हणून आम्ही माल घेतला की धक्क्यावरच समुद्राचं पाणी बादलीने मारून गाडी धुवायचो. पाट्याही तशाच धुतो, आमच्या आज्याही धुवायच्या. पाटीला मीठ लागत नाही. गाडीला लागतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"परतीची तार बघ गो," मी म्हटलं.

"अर्थिंगची पट्टी?" ती थांबली. मग डिकीतून जंपर केबल काढली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनाच्या लोखंडाला. चावी फिरवली आणि गाडी लगेच चालू. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिने लगेच बंदही केली. म्हणाली, "असं चिमट्यावर नेणार नाही मी. पक्कं करते."

रस्त्यावर गोणपाट टाकून ती गाडीखाली शिरली. इंजिनाकडून येणारी पट्टी बॉडीला जिथे बोल्टने कसलेली, तिथे सुक्या बोंबलासारखी पांढरी पापडी धरलेली. पान्याने बोल्ट सुटला, पण मीठ आणि गंज खरवडायला काही नव्हतं. खालून नुसता हात बाहेर आला.

"आई, तुमची सुरी."

माझी सुरी मी कोणाला देत नाही. सख्ख्या बहिणीला दिली नाही. क्षणभर तो हात तसाच पसरलेला राहिला. मग मी पिशवीतून काढली आणि दिली. खालून खर्र खर्र आवाज येत होता आणि प्रत्येक खर्रला मी धारवाल्याचे पैसे मोजत होते. पण लोखंड उघडं पडेपर्यंत ती थांबली नाही. पट्टी घासली, बोल्ट करकचून आवळला.

बाहेर आली तेव्हा तोंडभर ग्रीस. केबल काढून चावी फिरवली. पहिल्याच फेरीत इंजिन चालू झालं. वखारवाला लांबूनच हात वर करून गेला.

घोडपदेवला पोचलो तेव्हा आचारी मसाला वाटून बसला होता. कोलंबी उचलून बघितली, वास घेतला आणि मान डोलावली. त्या घरची जाड चष्म्याची आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ड्रायव्हर कोण गो तुमचा, एवढा काळा झालाय तो?"

"ती आमची सून," मी म्हटलं. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

आता धक्क्यावरून आलो की गोडं पाणी मारतो, तळाला आधी. पट्टी नवी टाकली. सुरीला दोन दाते पडले, धारवाला म्हणतो नवी घ्या. घेईन. गाडी विकायचं नाव कोणी काढत नाही. परवा मुलाला ऑफिसला उशीर झाला, तर सुनेला म्हणाला, लोअर परळपर्यंत सोड. पुढची सीट माझी असते. तो मागे बसला, पाट्यांमध्ये, खिडकी उघडी टाकून.