कळवून जाणारे काका

काका शेजारच्या केबिनमध्ये जातानाही आधी फोन करायचे. "मी येतोय, मोकळा आहेस ना?" हे वाक्य संपायच्या आत ते दारात उभे असत, पण फोन चुकायचा नाही. इथे आखातात, अल बर्शाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या वहिनींची वाटी परत करायची तरी आदल्या दिवशी मेसेज. देवळात दर्शनाची वेळ ऑनलाइन नोंदवायची पद्धत आली, तेव्हा देवाला तरी माझं पटलं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. "कुणाकडेही न कळवता जाऊ नये रे. लोक घरात लुंगीवर असतात," हा त्यांचा सिद्धांत. पुण्याहून येताना माणसं लोणचं आणतात, काकांनी हा आणला होता.

एरवी याचा कुणाला त्रास नव्हता. पण काका एका दगडखाणीच्या कंपनीत पर्यावरण आणि मानवी हक्क विभागाचे प्रमुख होते. विभागात ते आणि त्यांचा असिस्टंट मी, असे दोघंच. फुजैराच्या डोंगरातली आमची खाण दर तीन महिन्यांनी तपासायची, कामगार आणि आसपासची वस्ती धुळीने बेजार नाही ना हे पाहायचं आणि अबुधाबीच्या हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा, हे आमचं काम. आणि तपासणीच्या तीन दिवस आधी काका खाणीच्या मॅनेजरला न चुकता फोन करत.

मग तिकडे लगीनघाई. टँकर रस्ते भिजवत, कामगारांना नवे मास्क मिळत. खाणीखालच्या वस्तीत एका म्हाताऱ्याची खजुराची बाग होती. एरवी ती सिमेंट फासल्यासारखी राखाडी असायची, पण काका येणार म्हटल्यावर तिलाही पाइपने आंघोळ घालत. काका गाडीतून उतरून छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "काय हवा आहे. उगाच लोक खाणींना नावं ठेवतात." रिपोर्टमध्ये मी टाइप करायचो, 'झाडे टवटवीत.' टँकर मागवल्याची ईमेल मलाही कॉपीत यायची. पण काकांचा आनंद मोडवत नसे, आणि माझी नोकरी तर त्याहून नाही.

काका लबाड नव्हते, हीच खरी अडचण होती. लबाड माणूस निदान डोळा तरी मारतो. काका मनापासून खूश व्हायचे.

एका दिवाळीत, सोमवारी तपासणी होती आणि आदल्या दिवशी दुपारी आमच्या मराठी मंडळाने मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात फराळ वाटला. कॅम्पलाही काकांनी आधी कळवलं होतं, हे सांगायला नकोच. चिवड्याचं पाकीट घेताना एक जण असा खोकला की पाकीट खाली पडलं. काकांनी ते उचलून त्याच्या हातात दिलं. "दवा ली क्या भाई?"

"दवा क्या साहब," तो म्हणाला. यादव नाव त्याचं, दगड फोडायच्या क्रशरवर पाच वर्षं होता. "कल पहाड़ पे बड़ा साहब आ रहा है चेकिंग करने. जो जो खाँसता है, सबको दो दिन के लिए इधर भेज दिया. ग्यारह आदमी हैं हम."

"कौन साहब?"

"देखा नहीं कभी. पर भला आदमी है, फोन करके आता है. हमको दो दिन आराम मिल जाता है."

काका पुढच्या माणसाला चिवडा द्यायचं विसरले. मला खरंच त्यांची दया आली.

पण मग सोमवारच्या तपासणीनंतर त्यांनी असा रिपोर्ट लिहिला की टाइप करताना माझी बोटं अडखळली. अकरा जणांची नावं, सगळ्यांचे एक्स-रे काढा, क्रशरवरून हलवा, खजुराच्या बागेपर्यंत धूळ जाते ती थांबवा. आणि हेड ऑफिसला पाठवण्याआधी, सवयीप्रमाणे, एक प्रत मॅनेजरला. "माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल लिहू नये," म्हणाले. मी फक्त सेंड दाबलं.

पाचव्या दिवशी हेड ऑफिसचं उत्तर आलं, या नावांचं कुणी आमच्याकडे कामाला नाही. खोटं नव्हतं ते. मॅनेजरने अकराही जणांची नोकरी आणि व्हिसा खलास करून त्यांना मायदेशी पाठवलं होतं. त्या संध्याकाळी माझ्या घराची बेल वाजली. दारात काका, फोन न करता आलेले. माझ्या मुलीने सांगितलं, "अंकल, बाबा इज इन द शॉवर." ते तिथेच सोफ्यावर बसून राहिले. मी बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांना विमानात मी बसवलं रे."

काकांनी राजीनामा दिल्यावर कंपनीने केक कापला आणि 'कामगारांचे मित्र' असं लिहिलेलं काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. ते काका तिथेच टेबलावर सोडून आले. मला वाटलं, आता पुण्याला जाऊन बसतील पेपर वाचत.

बसले नाहीत. यादवला त्यांनी गोरखपूरकडच्या गावातून शोधून काढलं आणि पुण्यात छातीच्या दवाखान्यात दाखल केलं. त्याच्या उपचारांसाठी इथे वकील लावून कंपनीविरुद्ध तक्रार केली. कंपनी म्हणते, हा माणूस क्रशरवर कधी नव्हताच. तो होता हे सांगणारा एकच कागद आहे, क्रशरचं ड्यूटी रजिस्टर, आणि ते आता माझ्या ताब्यात असतं, कारण विभागप्रमुख मी आहे.

"त्याचे फोटो पाठव," काका फोनवर म्हणाले.

"काका, व्हिसा, मुलीची शाळा... तुम्हाला माहितेय ना इथलं."

"माहितेय. मीही बारा वर्षं स्वतःला हेच सांगायचो," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "यादव इथेच बाजूला आहे. दोन पायऱ्या चढला की बसतो."

फोटो मी त्याच दिवशी काढले. वकिलाने सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे, आणि आज शनिवार आहे. काकांची टिंगल करत इतकं लिहून झालं, फोटो मात्र अजून माझ्या फोनमध्येच आहेत.