गाडीखालचा मिस्त्री

नळदुर्गच्या हायवेवरल्या त्या मिस्त्रीचा चेहरा मला नीट आठवत नाही, पाय आठवतात. भेगाळलेले, ऑइलनं काळे. मी साखर कारखान्याच्या चेअरमनचा ड्रायव्हर, त्यामुळं गाडी घेऊन नेहमी जायचो. गाडीखाली आडवा झाला की तो भरभरून बोलायचा. बाहेर आला की गप्प.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाण्याच्या टँकरच्या स्प्रिंगांचे मोडके पाटे बदलून तो दमलेला असायचा. अशात मी साहेबांची अँबेसिडर नेली. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक पाटा काढून गाडी खाली बसवायची होती, पुण्याहून आणलेली रुंद चाकं लावायची होती.

“लई खाली बसंल,” खालून आवाज आला. “आमच्या गावच्या वाटंनं पोट घासंल की.”

“साहेब आता हायवे सोडून कुठं जात न्हाईत,” मी म्हणालो.

पान्याचा आवाज थांबला. तो सरकत बाहेर आला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलला.

“गावात समद्यास्नी सांगून बसलोय म्या, दुष्काळ बघाया साहेब येत्याल म्हणून.”

मग पुन्हा खाली जाऊन त्यानं पाटे काढले. त्या दिवसापासून तो गाडीखालीही बोलला नाही.