वडाचा मागचा पाय

अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमधले शशिकांतकाका उल्हासनगर कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे ते नंतर बघतात, आधी कमरेकडे. "बत्तीस. जेवून चौतीस," असं पुटपुटतात आणि मग म्हणतात, "जयभीम! कसं काय?"

त्यांच्या गॅलरीत एक वड आहे. दीड वीत उंच, चिनीमातीच्या ताटलीत. लग्नाच्या वर्षी लावलेला, म्हणून नीलिमाकाकू त्याला "तुमचा थोरला" म्हणतात.

२००६ च्या पावसात थोरल्याची मागची मुळं कुजली. पुढून बघावं तर सगळं झकास, मागून बुंधा नुसता मातीत खोचलेला. उन्हाळ्यात वारा सुटला की आडवा. एकदा तर ताटलीसकट खालच्यांच्या पापडांवर गेला. त्यात काकूंना वॉशिंग मशीन घ्यायचं होतं आणि ते गॅलरीतच बसणार होतं.

"दसऱ्यापर्यंत आपल्या पायांवर उभा राहिला तर राहील," काकूंनी जाहीर केलं. "नाहीतर कुळगावला भावजींच्या अंगणात. लावा जमिनीत आणि होऊ दे काय मोठा व्हायचा तो."

जमिनीत लावला की दीड वितीचा वड संपला. मे महिन्यात काकांनी कारखान्याच्या पन्हाळीत उगवलेलं वडाचं कोवळं रोप मुळांसकट सोडवलं.

सिंधी शेठनं विचारलं, "शशी साईं, अब झाड का भी आल्टर करेगा?"

"पीछे का पैर कम पडा है, सेठ. जोड लगाता हूँ."

जोड असा. थोरल्याच्या बुंध्याला मागून, मातीलगत खाच पाडायची. रोपाची साल एका बाजूनं तासून ते त्याच ताटलीत मागे रोवायचं. उघडं उघड्याला भिडवायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळायची आणि हात लावायचा नाही. दोघांची साल एक झाली की रोपाचा शेंडा छाटायचा. खालची मुळं मग थोरल्याची. काकांनी हे घरात सगळ्यांना बजावलं. बिल्डिंगला बजावायचं राहिलं.

वटपौर्णिमेला शेजारच्या रखमाबाई आल्या. गुडघे गेल्यामुळे त्यांचं रस्त्यावरच्या वडापर्यंत जाणं बंद झालेलं.

"नीलिमा, तुमच्यात हे करत न्हाईत, म्हाइत हाय मला. पर तुझ्याकडं वड निस्ता बसून हाय की गं."

काका कामावर होते. झाड एकदाचं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय म्हणून काकू खूश. वड बाहेरच्या खोलीत टीपॉयवर आला. पण टीपॉयभोवती फिरायला जागा नव्हती आणि रखमाबाईंना फिरायला गुडघे नव्हते. छाटणीसाठी काकांनी एक फिरता पाट केला होता, तो काकूंना आठवला. रखमाबाई खुर्चीत बसल्या, सुताचं टोक धरलं, आणि काकूंनी वडच सात वेळा फिरवला. बसून वटपौर्णिमा होते ही बातमी खालीवर गेली. मग बाकीच्याही आल्या.

संध्याकाळी काकांना दिसला तो हळदकुंकू लावलेला वड, पुढ्यात आंबा आणि बुंध्याला सुताचा जाडजूड पट्टा. ट्यूबची पट्टी कडेला, स्वच्छ धुतलेली.

"ती काळी घाण मीच काढली," रखमाबाई म्हणाल्या. "देवाला कुनी टायर बांधतं व्हय?"

काकांनी वाकून पाहिलं. सूत सोडावं तर जोड हलणार. न सोडावं तर आत काय चाललंय कळणार नाही.

"का हो, सैल झालंय?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "फिटिंग बरोबर आहे."

पावसाळाभर त्यांनी सुताला हात लावला नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी काकांनी पातं काढलं. रखमाबाई दारात हजर.

"सूत कापायचं न्हाई. माझं मालक हाइत त्यात."

मालक, म्हणजे कोंडाजी, त्यांच्या मागेच उभे होते. "काप रे शशी. एखादा जन्म कमी भरला तर माझी तक्रार नाही."

"तुमचं ह्या जन्मातलं जेवण आधी बंद करते, थांबा."

"मावशी," काका म्हणाले, "सूत ठेवलं तर साल चिरणार. वडच जाईल."

रखमाबाईंनी विचार केला. "मंग कापू नका. सोडा."

वड पुन्हा टीपॉयवरच्या पाटावर. बाकीच्यांचं वरचं सूत आधी निघालं; मग रखमाबाई खुर्चीत, आपलं सूत बोटांवर गुंडाळतायत. काकू झाड उलटं फिरवतायत. कोंडाजी मोजतायत, "एक गेला... दुसरा पण गेला..." त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. "हां, चौथा!"

"गप बसा. गुंडाळून माझ्यापाशीच ठेवनार हाय."

शेवटचा वेढा निघाला. काकांनी रोपाचा शेंडा छाटला आणि मागे सरकले.

काकूंनी बुंध्याला एका बोटानं ढकललं. मग दोन बोटांनी. मग पदर खोचून, भांडायला आल्यासारखं, पूर्ण हातानं. वड हलला नाही. टीपॉय सरकला.

"मशीन मोरीत बसवू," काकू म्हणाल्या आणि वड उचलून गॅलरीत नेऊन ठेवला.