दुपारचं दळण

संध्याकाळ झाली की हिंदी मुलखातल्या बीरगांवात आमच्या चक्कीसमोर डबे जमायचे. कारखान्यांची पाळी सुटलेली असे, बाया कामावरून परतलेल्या असत. पण डबा ठेवून कोणी घरी जात नसे. आपले गहू आपल्या डोळ्यांसमोरच दळले पाहिजेत, अशी आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, रीत. पिठाची भुकटी दिव्याखाली तरंगायची, आणि त्यात उभ्या बाया मला ढगात उभ्या असल्यासारख्या दिसायच्या.

मग ऐकू आलं, की संध्याकाळची वीज महाग आणि दुपारची स्वस्त होणार. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून आईनं मलाच विचारलं, "काहून गं? वीज तर तेच आहे ना?"

मी जमेल तसं सांगितलं. संध्याकाळी सगळं शहर एकदमच दिवे, कूलर, पंप लावतं. तेवढ्या वेळापुरती जास्तीची वीज आणावी लागते, ती महाग पडते. दुपारी सौर वीज भरपूर असते. म्हणून विजेचे दर ठरवणारा आयोग वीज कंपनीला म्हणतो, लोकांना दुपारकडे वळवा.

"मंग सूर्यालेच सांग ना, थोडा उशिरा बुडत जा म्हणून," आई म्हणाली. मग गंभीर झाली. "महाग विजेवर आपली चक्की नाही चालत, पोट्टे. तू जाऊन बोल तिथं."

शंकर नगरच्या एका थंडगार हॉलमध्ये आयोगाची जनसुनवाई होती; नव्या दरांवर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. पडद्यावर शहराच्या विजेची रेघ दाखवत होते. दिवसभर सपाट, आणि संध्याकाळी एकाएकी टेकडीसारखी वर. मी त्या टेकडीकडे बघतच राहिले. तिच्या चढावर कुठंतरी आमची चक्की असेल, रांगेतल्या बाया असतील, असं वाटत राहिलं. तेवढ्यात माझी पाळी आली.

संध्याकाळची महाग वीज आमच्या चक्कीला परवडणार नाही, हे माझं ऐकून आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "बेटा, ग्राहक सुबह डब्बा छोड़कर नहीं जा सकते? आप दोपहर में पीस दीजिए."

"छोड़ते नहीं, सर. अपने आटे के पास खड़े रहते हैं."

हॉलमध्ये हलकं हसू पसरलं. त्यात टोचणारं काही नव्हतं, तरी माझे कान तापले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं की आमची रीत, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही.

आदेश आला. संध्याकाळचा दर चढाच राहिला. आता चक्की टिकायची तर बायांनी सकाळी डबे सोडून जायला हवं होतं. आईनं रांगेत तसं सांगितलं.

"अन् माह्या शरबतीत कोणाचा हलका गहू गेला तर?" एक मावशी म्हणाली. सगळ्यांत संशयी तीच.

"तर तुले माह्या हातच्या पोळ्या खाऊ घालीन."

"तुह्या पोळ्या? त्याच्यापेक्षा मिसळलेलं पीठ बरं, बाई!"

सगळ्या हसल्या, पण सकाळी डबा कोणीच आणला नाही. आई दुपारभर बंद चक्कीपाशी बसून राही. दारातून ऊन आत सरकत येई, भिंतीला टेकून थांबे.

एका सकाळी तीच मावशी आली. डबा खाली ठेवला, झाकणावर हात तसाच.

"इथंच ठेवू?"

"हव."

ती निघाली, ऑटोत बसेपर्यंत वळून वळून बघत. दुपारी आईनं चक्की लावली. आधी मावशीचेच मूठभर गहू टाकून जात्यातलं जुनं पीठ झटकून काढलं, आपल्या डब्यातले तेवढे परत तिच्या डब्यात घातले, आणि मग दळायला घेतलं. बघायला तिथं मी सोडून कोणीच नव्हतं.

संध्याकाळी मावशीनं झाकण उघडलं. चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, वास घेतला. चक्की बंद असल्यानं सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते.

मावशीनं झाकण लावलं, डबा कमरेवर घेतला, आणि रस्त्यावरच्या शेजारणीला हाक मारली, "दीदी, कल सुबह अपना भी छोड़ देना!"