धुतलेला खेकडा

सुतक फिटलं की आमच्याकडे सगळं घर धुतात. अंथरूण-पांघरूण, भांडी, पडदे, माळ्यावरची पातेली. त्या सकाळी मी कामांची यादी करून बाहेर पडले होते: नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँक, गॅसच्या कनेक्शनवरचं नाव. धुण्याचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. काळाचौकीतली आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. किती वेळ लागणार, असं मला वाटलं.

परत आले तर गॅलरीत जुन्या चादरीवर प्लास्टिकचे ठोकळे वाळत होते. लाल, काळे, करडे. दंडे आणि दातेरी चाकं वेगळी. शेजारी दोन मोटरी आणि बॅटरीचा डबा, तेही ओले.

हा माझ्या नवऱ्याचा खेकडा होता. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करणारा माणूस. चोरबाजारातून खेळण्यातले ठोकळे किलोवर आणायचा आणि रविवारी मुलीबरोबर जोडत बसायचा. नकाशा नाही, पुस्तक नाही, सगळं डोक्यात. खेकडा वायरच्या बटणावर खराखुरा तिरका चालायचा. फक्त नांग्या व्हायच्या राहिल्या होत्या, आणि मुलीने ठरवलं होतं की त्या ती एकटीच लावणार.

ती शाळेतून आली, दप्तर खांद्यावरच.

"आजी, खेकडा कुठाय?"

"धुतलंय गो. सगळो सुटो करून, एकेक तुकडो."

"अगं तो बाबांनी जोडलेला होता!"

"म्हणानच तर धुतलंय."

सासूबाईंच्या आवाजात चूक झाल्याचं काही नव्हतं. गेलेल्या माणसाचा हात लागलेलं सगळं त्यांनी धुतलं होतं, तसाच हाही. आतले कोपरे निघावेत म्हणून सोड्याचं कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेतला होता. सकाळपासून तेच करत बसल्या असणार. बोटांची टोकं सुरकुतली होती.

त्या दिवसापासून मुलगी आजीशी बोलेनाशी झाली. एका खोलीत न बोलणं सोपं नसतं. मधे मी होते.

"आई, आजीला सांग, मला चपाती नको."

"तिका सांग, उपाशी रवलंस तर बापूस येवचो नाय."

"आजीला सांग, मला माहितेय."

मी दोन्हीकडचे निरोप पोचवत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. सासूबाईंचा मुलगा गेला होता आणि आता नातही त्यांच्या हातून ताट घेत नव्हती. हे मला दिसत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. आपल्याला वाईट वाटायला हवं एवढंच लक्षात यायचं, विजेचं बिल भरायचं राहिलंय हे लक्षात येतं तसं.

खेकडा परत उभा राहिला तर काही मार्ग निघेल, असा मी हिशेब केला. मोटरी तांदळाच्या डब्यात घातल्या. एक चालू झाली, दुसरी गेली. बॅटरीच्या डब्यातल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. ठोकळे आकाराप्रमाणे ताटल्यांत लावले. मुलीने मोबाइलवरचा जुना व्हिडिओ काढला. त्यात नवरा खेकडा उलटा धरून पोटाकडची चाकं दाखवत होता. ती थांबवून, मोठं करून बघायची.

"इथे नेमका बाबांचा अंगठा आडवा येतोय."

"थोडं पुढे घे," मी म्हटलं.

"पुढे पण अंगठाच आहे."

तिने व्हिडिओ मागेपुढे करत राहून शेवटी मोबाइल पालथा ठेवला. एकाच मोटरीवर दोन्ही बाजूंचे पाय हलवायचे तर रचना नवीनच करावी लागणार होती. ती करायला लागली. ती मागेल तो तुकडा मी देत होते. पाय अडकायचे, ती परत सुटे करायची. सासूबाई मोरीजवळ बसून सुकट निवडायच्या, मान वर न करता.

एका रविवारी तो चालला. पण तिरका नाही, सरळ. फरशीवरून खडखडत निघाला तो थेट सासूबाईंच्या दिशेने. त्यांच्या पुढ्यात विळी उघडी होती.

"आजी, पाय वर घे! आजी!"

सासूबाईंनी एका हाताने विळी मिटली आणि पाय पोटाशी घेतले. खेकडा विळीच्या पाटाला धडकला आणि जागच्या जागी पाय हलवत राहिला.

"बापाशीचो तिरको जायचो," त्या म्हणाल्या. "हो सरळ माझ्या अंगार येता."

"एकच मोटर आहे ना, आजी. दुसरी तू बुडवलीस."

"बुडवलंय खरी," सासूबाई म्हणाल्या. "आणि नांगे खंय असत?"

"लावायच्यात अजून."

"मग लाव. जेवन घे आधी." त्यांनी ताट पुढे केलं.

मुलीने बटण बंद केलं, खेकडा उचलून खिडकीत ठेवला आणि आजीच्या हातातलं ताट घेतलं. मी दोघींना भात वाढला. मला तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त जेवताना मला कोणाला काही सांगावं लागलं नाही, आणि माझा भात गरम असतानाच संपला.